तीन लाखांचा हंडा

गेली अठरा वर्षं मी नवीन पनवेलला घरी गणिताच्या शिकवण्या घेते. सातवी ते दहावी. शाब्दिक उदाहरण आलं की पोरांचं ठरलेलं असतं, वाचायचं नाही, त्यातले आकडे उचलायचे आणि भागाकार करून मोकळं व्हायचं. मग मी ओरडते, "अरे बाबांनो, आधी उदाहरण पूर्ण वाचा, विचारलंय काय ते बघा, मग पेन उचला!" हे इतक्यांदा ओरडले आहे की नवरा मला चिडवायला भाजीवाल्यासमोरसुद्धा तेच म्हणतो.

आणि अशा या बाईने स्वतःच्या आईच्या विम्याचा कागद वाचला नाही. आकडे उचलले आणि मोकळी झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी एजंटवर चिडणार आहे, कंपनीवर चिडणार आहे, आईवरसुद्धा चिडणार आहे. तेव्हा कुणी मला बिचारी म्हणू नये.

आई ओवे गावात राहायची. खारघरचे टॉवर उठले, गावाच्या अंगावर आले, तरी तिचं घर, पुढची ओटी आणि दारचा शेवगा तिथेच होता. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकुलती. पनवेलला ये म्हटलं की म्हणायची, "तुज्या त्या डब्यात मला झोप नाय लागत." खरं कारण वेगळं होतं. आई धवलारीण होती.

आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. मांडव घालण्यापासून, हळदीपासून, नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. ते धवले तिने गायचे आणि विधीही तिनेच पुढे न्यायचा. कुठेही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात. आई आजीकडून शिकली. माझ्याकडून तिने फार आशा केली नाही, कारण माझा गळा फाटक्या ढोलासारखा. आसपासच्या दहा-बारा गावांत आता ती एकटीच उरली होती. लग्न ठरलं की लोक घरी येत, विडा-सुपारी तिच्या हातावर ठेवत. विडा घेतला की शब्द दिला. विडा घेऊन धवलारीण आली नाही तर त्या नवरीला ते चांगलं नाही, असं आमच्यात मानतात. माझ्या जन्मात आईने घेतलेला विडा कधी मोडला नव्हता. माझ्या बाळंतपणातसुद्धा ती एका हळदीहून थेट हॉस्पिटलात आली होती, हात पिवळे घेऊन.

तिला साखर होती. फार वर्षांची. साठी उलटल्यावर मला धास्ती वाटायला लागली. नवरा उरणकडच्या एका गोदामात नोकरीला. त्याच्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघं आणि मुलगी, सासूला जागा नाही. म्हणून मी माझ्या शाळेतल्या एका जुन्या वर्गमित्राला बोलावलं. तो आता विम्याचा एजंट. चहा घेता घेता त्याने लॅपटॉप उघडला. आईचं वय आणि साखर टाकली आणि पूर्ण विम्याच्या हप्त्याचा आकडा दाखवला. मी म्हटलं, "अरे, हा हप्ता आहे का गाडीची किंमत?"

मग त्याने टॉप-अप काढलं. "हे बघ, यात डिडक्टिबल असतं. पहिले तीन लाख तुझे. त्याच्यावर जे जाईल ते कंपनीचं, सात लाखांपर्यंत." हप्ता एकदम आटोक्यात आला. मला पटलं. तीन लाख म्हणजे अडीअडचणीला कुठूनही उभे करू. दहा लाख झाले तर माणूस संपतो, तेवढ्यासाठी विमा. हिशेब सरळ होता.

"याच्याच शेजारी सुपर टॉप-अप आहे," तो म्हणाला. "थोडा महाग पडेल. पण घ्यायचा तर तोच घे, मी सांगतो तुला."

"सुपर म्हणजे काय जास्त?"

त्याने सांगायला सुरुवात केली आणि त्याच वेळी माझी पाच वाजताची बॅच दारात आली. चपलांचा ढीग पडला. मी म्हटलं, राहू दे तुझं सुपर. साबणाच्या वडीवरही सुपर लिहितात. साधा दे. त्याने मान हलवली आणि साधा दिला. वर्षाला जेमतेम हजार-बाराशे वाचले असतील. त्या दिवशी मला वाटलं, मी एजंटलाही पुरून उरले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि हे मला कोणी सांगायचं?

साखरेच्या आजारासाठी तीन वर्षं थांबायची अट होती. ती पुरी झाली. हप्ते वेळेवर भरले. कागद कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

चौथ्या वर्षी, माघात, एका लग्नात आईला मानपानात नव्या चपला मिळाल्या. दिल्या त्यांनी प्रेमाने. त्या चपलांनी उजव्या करंगळीशी कातडं सोललं आणि आईला ते कळलंच नाही. साखरेने पायाची जाणीव गेलेली. मांडवात तर ती अनवाणीच फिरायची. मी रविवारी गेले तेव्हा पावलाला फडकं बांधलेलं. सोडलं तर करंगळी काळी आणि वास.

"आये, हे काय करून घेतलंस!"

"काय नाय गो, चावली चप्पल. हळद लावलीय."

पनवेलच्या हॉस्पिटलात दाखल केलं. करंगळी काढली, जखम साफ केली. सहाव्या दिवशी डॉक्टरने मला केबिनमध्ये बोलावलं. शांत माणूस, भराभर बोलणारा नव्हता. म्हणाला, जखम हा वरचा भाग आहे. पायाकडे जाणारी मोठी शीर बंद होत आलीय. रक्तच पोचत नाही तर जखम भरणार कशी? ती शीर फुगा घालून उघडायला हवी. आताच्या याच ॲडमिशनमध्ये करून टाका. अजून दोन-सव्वादोन लाख धरा. थांबलात तर पाय जाऊ शकतो.

हे अगदी असंच म्हणाला. कुणाला कसलाही संशय नको म्हणून लिहिते. पाय जाऊ शकतो.

मी आईला सांगितलं. ती खाटेवर मांडी घालून बसली होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नातवाला काहीतरी गुणगुणून दाखवत. म्हणाली, "किती दिस?"

"अजून आठ-दहा. मग महिनाभर घरी पडून राहायचं."

"मंग नाय जमाचं. पाच लगनांचा विडा घेतलाय मी."

"डोंबलाचा विडा! पाय जाईल म्हणतोय तो."

"पाय कुठं जातोय? हाय इथंच. आनि मी नाय गेले तं त्या पोरींच्या मांडवात काय फोनवर धवले लावतील? एका पोरीला तं आईबी नाय. मी शब्द दिलाय गो." मग आवाज खाली आणून, "पाच लगनं झाली का तुज्या डाक्टरला सांग, काय करायचं तं करा."

खरं तर इथे मी तिला बांधून ठेवायला हवं होतं. नवरा म्हणालाही, "करून टाकू या आताच, पैशाचं बघू." पण मी हिशेब केला. बिल झालं होतं एक लाख चाळीस. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, डिडक्टिबल म्हणजे वर्षाला आपले तीन लाख. आता एक चाळीस गेले, म्हणजे एक साठ राहिले. पुढचं ऑपरेशन आज केलं काय आणि दोन महिन्यांनी केलं काय, तेवढेच आपले जाणार, वरचे कंपनी देणार. तोपर्यंत आईची लग्नं होतील आणि माझ्या भिशीचा नंबरही लागेल. पैशाने काही फरक पडत नाही असं वाटलं, म्हणून मी आईच्या हट्टाला मान दिला. पैशाने फरक पडतो असं माहीत असतं तर मी हट्टाला भीक घातली नसती. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण खरं हेच आहे. पायासाठी मी भांडले नाही. लाखभर रुपयांसाठी भांडले असते.

डॉक्टरने कागदावर आमची सही घेतली, की सल्ला देऊनही नेत आहोत. पाच दिवसांनी एकदा दाखवायला नेलं. त्यानंतर आई हॉस्पिटलची पायरी चढली नाही. पट्टी बदलायला गावातली एक नर्स यायची. आईचं वेळापत्रक सुरू झालं. मी मधेच कधी हळदीला, कधी लग्नाला जाऊन बसायचे, तिच्यावर नजर ठेवायला. पायावर प्लास्टिकची पिशवी बांधून ती मांडवात फिरायची आणि गायची. आवाजात कुठे दुखणं ऐकू यायचं नाही.

शेवटचं लग्न आपटा गावात होतं, नदीकाठच्या एका घरात. तीच ती आई नसलेली नवरी. हळदीच्या वेळी आई तिच्याजवळ बसली आणि धवला म्हणायला लागली तेव्हा ती पोर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. सगळा मांडव रडला. मीही रडले. आई थांबली नाही, एका हाताने पोरीला थोपटत गात राहिली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं आणली हिला. हेही खरं आहे, आणि ते मी खोडणार नाही.

लग्न लागलं, वरात निघाली. परतीच्या रिक्षात आई माझ्यावर रेलली. अंग तापलेलं. पाऊल सुजून पिशवीत मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच हॉस्पिटलात. डॉक्टरने स्वतःच पट्टी सोडली. शीर उघडायचा प्रयत्न केला, उशीर झाला होता. चौथ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापला. बिल दोन लाख सत्तर हजार.

मी कपाटातला कागद काढला आणि त्या दुःखातही हिशेब मांडला. एक चाळीस आणि दोन सत्तर, चार लाख दहा. तीन आपले. एक लाख दहा कंपनीचे. दोन्ही बिलं जोडून क्लेम टाकला. वीस दिवसांनी पत्र आलं. नामंजूर.

मी एजंटला फोन करून नाही नाही ते बोलले. तो बिचारा संध्याकाळी घरी आला. कागदावर बोट ठेवून त्याने मला समजावलं. साध्या टॉप-अपमध्ये तीन लाखांची अट दर वेळेला नव्याने लागते. पहिलं बिल एक चाळीस, तीनच्या आत, कंपनीचा संबंध नाही. दुसरं दोन सत्तर, तेही तीनच्या आत, संबंध नाही. वर्षाची बेरीज करतो तो सुपर. तेच त्या दिवशी सांगत होतो, तुझी बॅच आली.

"आणि दोन्ही एकच आजार धरले असते तर?"

"धरतात," तो म्हणाला. "हे बघ. शेवटचं हॉस्पिटलात दाखवल्यापासून पंचेचाळीस दिवसांत त्याच आजाराने परत दाखल झालं, तर ते एकच आजारपण. तुम्ही किती दिवसांनी गेलात?"

मी कॅलेंडर काढलं. आईच्या लग्नांवर मीच लाल पेनने गोल केले होते. मोजलं. बावन्न. आपट्याचं लग्न अठ्ठेचाळिसाव्या दिवसापासून सुरू झालं होतं, मांडव, हळद, सगळं धरून. शेवटचा विडा सोडून आठवडाभर आधी नेलं असतं तर पाय कदाचित तरीही गेला असता, पण पैसे आले असते. पहिल्याच वेळी ऐकलं असतं तर दोन्ही राहिले असते. मी एजंटसमोर कॅलेंडर फाडलं. त्याने तुकडे गोळा केले आणि चहा न घेता गेला.

आई आता आमच्याकडेच होती. माझ्या शिकवणीच्या खोलीला लागून तिची खाट. एकदा एका लग्नवाल्यांनी तिला खुर्चीतून उचलून नेलं. ती गायली, पण घरी आल्यावर म्हणाली, "मांडवाला फेरी मारल्याबिगर कसली धवलारीन? आता विडा नाय घेयाचा." त्यानंतर आलेली दोन माणसं तिने दारातून परत पाठवली. तिची सोन्याच्या पुतळ्यांची माळ आम्ही हॉस्पिटलच्या वेळीच मोडली होती.

एका दुपारी मी कसल्याशा फॉर्मवर चडफडत बसले होते. आई म्हणाली, "त्या कंपनीनी आपल्याला का नाय दिलं गो? हप्ता तं भरलावता ना?"

मी आधीच तापलेली. म्हटलं, बघ, सांगते. "असं समज, तीन लाखांचा एक हंडा आहे. हॉस्पिटलात गेलीस की तो आपण भरायचा, आपल्या घरच्या पाण्याने. भरून वरून सांडलं तर सांडलेलं कंपनी देते. हंडा अर्धा राहिला तर कंपनीला काही देणंघेणं नाही."

"आनि दुसऱ्यांदा गेलं तं?"

"नवा हंडा. रिकामा."

माझ्या दहावीच्या पोरांना जे समजायला दोन तास लागले असते ते तिला एका दमात समजलं. "म्हंजे आपले दोन हंडे अर्धे-अर्धेच ऱ्हायले. एका हंड्यात वतलं असतं तं सांडलं असतं."

"हो! लाखभर सांडलं असतं."

तिने बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाली, "थोडं दुखलं तं आपलं मरन. लय दुखलं तं कंपनीचं."

"हेच! थोड्याथोडक्यासाठी हॉस्पिटलात जायचं म्हणजे आपलंच नुकसान. कळलं ना आता?"

मी हे म्हणाले. रागात म्हणाले. राग तिच्यावर नव्हता, कागदावर होता, माझ्यावर होता. पण समोर ती होती, आणि ऐकलं तिने.

सुपर घेऊ या म्हणून मी एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला, या वयात, पाय कापलेला, कोणती कंपनी घेईल? घेतलीच तर साखरेसाठी परत तीन वर्षं थांबणं आलं. म्हणून जुनाच चालू ठेवला. हप्त्याचा दिवस आला की आई आठवण करून द्यायची.

डॉक्टरने बजावलं होतं, दुसऱ्या पायाला रोज बघा, बोटांच्या फटींतसुद्धा. सुरुवातीचे काही महिने मी रोज रात्री टॉर्च घेऊन बघायचे. मग एक दिवसाआड. मग आई म्हणायची, "मी बगितला आज, बरा हाय," आणि मला बरं वाटायचं. जानेवारी आला. दहावीच्या पोरांच्या सराव परीक्षा, माझ्याकडे सकाळी सहापासून बॅचेस. आईने पायात लोकरीचा मोजा घातला. थंडी वाजते म्हणाली. पनवेलची थंडी ती केवढी! पण म्हातारं माणूस, एकच पाय, मी म्हटलं असेल. आंघोळ ती स्टुलावर बसून स्वतःच करायची, दार लावून.

त्याच दिवसांत ती रोज संध्याकाळी खोलीत धूप घालायला लागली. मोठी वाटीभर. पोरं खोकायची. मी म्हटलं, "आये, किती हा धूर! देवाला दम लागेल." ती हसली. म्हणाली, "तुज्या गनिताचा वास जातो गो."

मोजा घातल्यापासून सतराव्या दिवशी, की विसाव्या, मला माहीत नाही. ती सकाळी उठली नाही. हाक मारली तर भलत्याच नावाने मला हाक मारू लागली. अंग विस्तवासारखं. मी मोजा काढला. तो निघेना, कातड्याला चिकटला होता. कात्रीने कापला. काय दिसलं ते मी सांगणार नाही. नवरा दारातूनच मागे फिरला आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायला लागला.

आयसीयूत घेतलं. तोच डॉक्टर. म्हणाला, विष रक्तात गेलंय. दोन आठवड्यांपूर्वी आणली असती तर बोटावर भागलं असतं. आठ दिवसांचं काम होतं. मी विचारलं, तिला दुखलं नसेल का? जाणीव नव्हती ना पायाला? तो म्हणाला, जाणीव नसली तरी डोळे होते. त्यांना माहीत असणार.

तिसऱ्या दिवशी ती जरा शुद्धीवर आली. मला आत सोडलं. नाकात नळी, हाताला सुया. मी भांडायचं ठरवूनच गेले होते. भांडले. त्या खाटेशी उभी राहून, दबक्या आवाजात, दात-ओठ खात. "माहीत होतं ना तुला? बोट काळं झालेलं दिसत होतं ना? का नाही सांगितलंस मला? शत्रू आहे का मी तुझी?"

तिने डोळे उघडले. आवाज अगदी खोल. "बारीक होतं गो तवा. बोटच होतं. तेवढ्यासाठी नेलं असतंस तं पुन्यांदा हंडा अर्धा ऱ्हायला असता." श्वास घेतला. "तुजा लय खर्च झालाय माज्यापाई. मी म्हटलं, मोठं होऊ दे. वरून सांडू दे एकदा. तूच तं बोललीस."

मी खाटेचा कठडा धरला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. जमीन तिथेच होती, मीही तिथेच होते, आणि ऐकावं लागलं.

"भरला का गो हंडा?" तिने विचारलं.

मी सकाळीच बिलिंगच्या खिडकीवर चौकशी केली होती. एक लाख बासष्ट हजार.

"भरला, आये," मी म्हणाले. "कालच भरला. आता सांडतोय."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नात बघितलेलं होतं. सगळे विधी बिनचूक पार पडले, कुठे काही राहिलं नाही, की मांडवातून उठताना तिचा चेहरा असा व्हायचा. तिने माझा हात चाचपडत धरला.

"मंग आता कंजुशी नको करू," ती म्हणाली. "डाक्टरला सांग. काय करायचं तं करा म्हनावं."

मी बाहेर जाऊन डॉक्टरला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आता करण्यासारखं काही उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटचं बिल दोन लाख चौदा हजारांचं झालं. क्लेम मी टाकलाच नाही.